कंपाइलआधीची मशागत

१९९६ साली यवतमाळला जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय त्याहून जुने, १९८३ चे. पण जिल्ह्याच्या गावाला स्वतःचे इंजिनिअरिंग कॉलेज मिळाले ते १९९६ मध्ये. त्याच वर्षी ‘पीसीक्वेस्ट’ या इंग्रजी मासिकाने अंकाबरोबर स्लॅकवेअर लिनक्सची सीडी वाटली. जर्मनीत माथियास एट्रिख याने केडीई या डेस्कटॉपची घोषणा केली आणि फ्रान्समध्ये ओलिव्हिए फुर्दाँ याने एक्सएफसीई हा दुसरा डेस्कटॉप लिहायला घेतला, तेही १९९६ मध्येच. या गोष्टींचा तेव्हा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. पुढच्या दहा वर्षांत मात्र जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये, आणि हॉस्टेलच्या खोलीत असेंबल केलेल्या पीसीवर, त्या एकत्र आल्या.

‘पीसीक्वेस्ट’च्या त्या उपक्रमामागे अतुल चिटणीस होते. बर्लिनमध्ये जन्मलेले, बेळगावच्या गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये मेकॅनिकल शिकलेले आणि पुढे बंगळुरूला स्थायिक झालेले चिटणीस २०१३ मध्ये वारले. भारतात लिनक्स कोणी आणले, या वादात बरीच नावे घेतली जातात. पण छोट्या गावांपर्यंत ते नेण्याचे श्रेय एखाद्या विद्यापीठापेक्षा या मासिकाला जास्त आहे, आणि त्याचे कारण अगदी साधे होते. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाले, ते महानगरांत. जिल्ह्याच्या गावात डायल-अप पोचल्यावरसुद्धा ५६ केच्या मोडेमवर ६५० एमबीची एक सीडी उतरवायची, तर लाइन एकदाही न तुटता दिवसभराहून जास्त वेळ लागे. आणि लाइन तुटत नसे असे तर कधीच नव्हते. छापील अंकाला चिकटवलेली सीडी एसटीने येई, टपालाने येई, मित्राच्या दप्तरातून येई. पुढे २००५ पासून उबुंटूवालेही पत्ता कळवला की फुकट सीडी टपालाने पाठवू लागले. ती योजना एप्रिल २०११ मध्ये बंद झाली.

यवतमाळचा आणि रेल्वेचा संबंध इथे सहज आठवतो. मूर्तिजापूरहून पूर्वी येणारी ‘शकुंतला’ ही नॅरोगेज गाडी इंग्रजांच्या काळात वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी घातली गेली. ब्रॉडगेजची गाडी जिल्ह्यात कळंबपर्यंत आली तीच मुळी फेब्रुवारी २०२४ मध्ये. बाहेरची वस्तू इथे उशिरा येते आणि आली की पुरवून वापरावी लागते, याची जिल्ह्याला सवय आहे.

लॅबमधल्या मशीनचेही तेच. २००५-०६ च्या सुमारास ज्यांच्याकडे पेंटियम थ्री आणि १२८ एमबी रॅम होती, त्यांना मोठ्या शहरांतले लोक जुन्या बाजारातले गिऱ्हाईक समजत. नोम आणि केडीई हे मोठे डेस्कटॉप तोवर अंगाने भरले होते. २५६ एमबीखालच्या मशीनवर मेन्यू उघडायचा तर हार्डडिस्कचा खडखडाट आधी ऐकावा लागे. अशा मशीनला हलका डेस्कटॉप हवा. खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम, खालची पट्टी, फायली दाखवणारी खिडकी आणि थोड्या सेटिंग्ज. बाकीचा थाट नको.

एक्सएफसीईची स्वतःची गोष्ट चमत्कारिक आहे. पहिली आवृत्ती एक्सफॉर्म्स या लायब्ररीवर बांधली होती आणि त्या लायब्ररीचा परवाना पुरता खुला नव्हता. तेवढ्यावरून रेड हॅटने ती आपल्या लिनक्समध्ये घ्यायला नकार दिला. फुर्दाँने १९९९ मध्ये सगळे जीटीके या खुल्या लायब्ररीवर नव्याने लिहिले आणि २००३ मध्ये चौथी आवृत्ती आली, जिच्यावर आजचे एक्सएफसीई उभे आहे. दुसरा हलका डेस्कटॉप, एलएक्सडीई, २००६ मध्ये तैवानमधून आला. तो होंग जेन यी या पेशाने डॉक्टर असलेल्या माणसाने सुरू केला. दोन्ही सी भाषेत लिहिलेले. ही बाब दिसते त्याहून महत्त्वाची आहे, कारण केडीईसारखा सी प्लस प्लसमधला प्रकल्प कंपाइल करताना कंपायलर स्वतःच एवढी मेमरी खातो की १२८ एमबीचे मशीन स्वॅपमध्ये जाऊन बसते. सी मधला प्रोग्राम त्याच मशीनवर रडतखडत का होईना, बांधून होतो.

पण बांधायचा कशाला? सीडीवर तयार पॅकेज नव्हते का?

होते, पण जुने. मासिकाची सीडी वर्षातून एकदा येई. घरात रेड हॅट नऊ असेल आणि एक्सएफसीईची नवी आवृत्ती हवी असेल, तर ती आवृत्ती नवे जीटीके मागे. नवे जीटीके नवा पँगो, नवा एटीके आणि २००५ नंतर कैरोही मागे. आणि यांतल्या बहुतेकांना नवी जीलिब लागे. सायबर कॅफेतून पेन ड्राइव्हवर आणलेली चार एमबीची सोर्सची पुडकी घरी आल्यावर अशी कुळी सांगू लागत. म्हणून डेस्कटॉप सोर्समधून बांधण्याच्या कामात प्रत्यक्ष कंपाइलचा वाटा लहान आणि तयारीचा मोठा. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको: पेरणी दोन दिवसांची, वखरणी मात्र उन्हाळाभर.

तयारीचा पहिला अडथळा अनेकांना पहिल्याच मिनिटाला येई. लिनक्स टाकताना जागा वाचवायची म्हणून ‘डेव्हलपमेंट’चा गट निवडलेला नसे. मग ‘कॉन्फिगर’ चालवताच पडद्यावर येई की सी कंपायलर चालणारी फाइल तयार करू शकत नाही. कंपायलर तर समोर दिसतोय, मग हे काय? नसायची ती सी लायब्ररीची हेडर आणि जोडणीच्या फायली. लायब्ररी चालवायला लागते ती एक आणि तिच्यावर काही बांधायला लागते ती दुसरी, हा भेद रेड हॅटमध्ये ‘डेव्हेल’ आणि डेबियनमध्ये ‘डेव्ह’ अशा शेपटीने दाखवला जातो. तो ज्याला कळला त्याचे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे ‘कॉन्फिग डॉट लॉग’ नावाच्या लांबलचक फाइलच्या तळाशी असे. कंटाळवाणी फाइल, पण प्रामाणिक. नेमके काय सापडले नाही ते तिच्यात लिहिलेले असतेच.

दुसरी खबरदारी जागेची. नवे जीटीके जुन्याच्या डोक्यावर टाकले तर चालू असलेला डेस्कटॉपही जाई आणि मग काळ्या पडद्यावर बसून दुरुस्ती करावी लागे. म्हणून जाणती मुले ‘प्रीफिक्स’ देऊन सगळे नवे सामान ‘ऑप्ट’ किंवा ‘यूझर लोकल’मध्ये वेगळे मांडत, पॅकेज-कॉन्फिगला त्या जागेचा पत्ता सांगत आणि शेवटी ‘एलडीकॉन्फिग’ चालवत. बांधकाम साध्या यूझरने करायचे, रूट फक्त ‘मेक इन्स्टॉल’पुरता; हा नियम पुस्तकात नंतर वाचला जाई, आधी मोडला जाई.

तिसरी अडचण महानगरातल्या कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडणार नाही. ती विजेची. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्रात भारनियमनाची होती आणि ग्रामीण विदर्भात दिवसाचे दहा-बारा तास लाइन नसे. वणीच्या खाणींचा कोळसा जिल्ह्यातून बाहेर जाताना रोज दिसायचा, म्हणून हा अंधार इथे जास्तच झोंबे. प्रोसेसर जुना, मेमरी कमी. जीटीकेसारखी मोठी लायब्ररी बांधायला तास तास जायचे आणि मधेच लाइन जायची. यूपीएस असलाच तर पंधरा मिनिटांचा.

इथे एक जुने हत्यार कामाला आले. ‘मेक’ हा प्रोग्राम स्टुअर्ट फेल्डमन याने बेल लॅब्जमध्ये १९७६ साली लिहिला. तो प्रत्येक फाइलची वेळ पाहतो; सोर्सपेक्षा तयार फाइल नवी असेल तर तिला हात लावत नाही. म्हणजे लाइन आल्यावर तीच आज्ञा पुन्हा द्यायची आणि काम जिथे तुटले तिथून पुढे सुरू. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात एक गोम होती. माणसाने कंट्रोल-सी दाबून काम थांबवले तर मेक अर्धवट फाइल स्वतः पुसून टाकतो, पण वीज गेल्यावर पुसायला तोच जिवंत नसतो. डिस्कवर शून्य बाइटची एक ऑब्जेक्ट फाइल उरते, तिची वेळ मात्र ताजी. लाइन आल्यावर मेक तिला झालेले काम समजून ओलांडतो, पुढच्या शंभर फायली बांधतो आणि अगदी शेवटी जोडणीच्या वेळी लिंकर अडून बसतो: फाइल ओळखता येत नाही, तुटलेली आहे. नवखा माणूस इथे ‘मेक क्लीन’ करून दिवसभराचे काम पाण्यात घालवी. मुरलेला माणूस ‘फाइंड’ने शून्य आकाराच्या फायली शोधून तेवढ्याच काढी आणि मेक पुन्हा चालवी.

दुसरी गोम मदरबोर्डवरच्या बटणासारख्या बॅटरीची. जुन्या मशीनमधली ती मेली की प्रत्येक वेळी लाइन गेल्यावर घड्याळ मागच्या शतकात जाई. मग ‘कॉन्फिगर’ तक्रार करी की आत्ता तयार केलेली फाइल पुडक्यातल्या फायलींपेक्षा जुनी आहे, घड्याळ तपासा. मेक म्हणे, या फायली भविष्यकाळातल्या आहेत. तारीख हाताने नीट केल्याशिवाय गाडी पुढे सरकत नसे. लिनक्सची फाइलप्रणाली त्याआधीच सुधारली होती हे नशीब: नोव्हेंबर २००१ मध्ये ईएक्सटी३ मूळ कर्नलमध्ये आली, तोवर लाइन गेल्यानंतरची डिस्क-तपासणी हेच एक मोठे काम होते.

इंटरनेट नसलेल्या मशीनवर पॅकेज नेण्यासाठीही भारतातच एक हत्यार घडले. रितेश राज सर्राफ या डेबियन विकासकाने ‘एप्ट-ऑफलाइन’ लिहिले. घरच्या मशीनवर ते काय काय लागणार त्याची यादी करते, यादी पेन ड्राइव्हवर घालून सायबर कॅफेतल्या मशीनवर सामान उतरवायचे आणि परत येऊन बसवायचे. ज्याच्या दाराशी ब्रॉडबँड आहे त्याला हे हत्यार सुचले नसते.

डेस्कटॉप उभा राहिला तरी त्यावर मराठी नीट दिसणे ही वेगळीच तयारी होती. पुणे आणि मुंबई यांचा भाग इथे येतो. सी-डॅकने पुण्यात जिस्ट तंत्रज्ञानावर काम केले, त्याची मुळे १९८३ च्या सुमारास कानपूरच्या आयआयटीत रोवली गेली होती. पण ते हार्डवेअर कार्डाचे आणि विकत घ्यायच्या सॉफ्टवेअरचे जग होते. खुल्या लिनक्सवर देवनागरी आणण्यासाठी २००० च्या सुमारास मुंबईत प्रकाश अडवाणी आणि व्यंकटेश हरिहरन यांनी इंडलिनक्स सुरू केले, जी. करुणाकर यांनी पुढे त्याचे समन्वयन केले. अडचण भाषांतराची नव्हती असे नाही, पण त्याआधीची अडचण फॉन्टची होती. मुक्त परवान्याचा, ओपनटाइप नियम पाळणारा देवनागरी फॉन्ट तेव्हा शोधूनही सापडणे कठीण होते. २००४ मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ फॉन्ट खुले केले. त्या फायली उघडून पाहिल्या तर आत पुण्याच्या ‘ऑटोमॅटिक कंट्रोल इक्विपमेंट्स’चे, म्हणजे मॉड्युलर सिस्टिम्सच्या एका शाखेचे, २००३ चे नाव दिसते. श्रीलिपीवाल्या मॉड्युलरच्या घरातून निघालेले हे अक्षर पुढे जगभरच्या लिनक्सवर पोचले.

फॉन्ट आला तरी वऱ्हाड लिहिता येईना. या प्रदेशाचेच नाव लिहिताना ‘ह’ला जोडलेला अर्धा र डोक्यावरच्या रफारासारखा नको, पुढे आडवा हवा, दुसऱ्या, कोऱ्या, वाऱ्याचा या मराठी रूपांतही तो सतत लागतो. हिंदीला त्याची गरज नाही, त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या जोडणीत तो सुटे. युनिकोडने त्यासाठी नुक्त्याच्या ऱ ला हलन्त जोडण्याची वाट दिली आणि साध्या र पुढे हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकण्याची जुनी वाटही चालू ठेवली. दोन्ही वाटांनी लिहिलेले पडद्यावर सारखे दिसते, शोधताना मात्र एकाला दुसरे सापडत नाही. हलका डेस्कटॉप बांधणाऱ्याला याचा थेट फटका असे: अक्षरांची मांडणी करणारा पँगो जुना राहिला तर बाकी सगळे नवे असूनही मराठी मजकुरात चुका दिसत. साखळीतला पँगो नवा बांधण्याचे इंग्रजी वापरणाऱ्याला नसलेले एक कारण मराठी वापरणाऱ्याला होते.

हलक्या डेस्कटॉपची महाराष्ट्रातली सर्वांत ठळक कहाणी मात्र यवतमाळपासून दूर, रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात घडली. खैरात धनगरवाडा ही छोटी वस्ती, तिथली जिल्हा परिषदेची एकशिक्षकी शाळा. २००७ च्या शरदात ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चा भारतातला पहिला प्रयोग तिथे सुरू झाला. पार्श्वभूमी अनुकूल नव्हती: आदल्याच वर्षी, २००६ मध्ये, केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही कल्पना शैक्षणिकदृष्ट्या संशयास्पद ठरवून नाकारली होती. शंभर डॉलरचा म्हणून गाजलेला लॅपटॉप उत्पादनात जाईपर्यंत १८८ डॉलरच्या आसपास गेला होता. तरीही खैरातच्या मुलांच्या हातात हिरवी-पांढरी एक्सओ मशीन आली.

त्या मशीनमध्ये ४३३ मेगाहर्ट्झचा एएमडी जिओड प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि हार्डडिस्कच्या जागी एक जीबीची फ्लॅश होती. एवढ्यात फेडोरावर आधारलेले लिनक्स आणि ‘शुगर’ हा डेस्कटॉप. शुगरमध्ये एकावर एक पडणाऱ्या खिडक्या नाहीत. एक काम पूर्ण पडद्यावर, केलेले सगळे आपोआप ‘जर्नल’मध्ये, आणि शेजारच्या मुलांची मशीन ठिपक्यांसारखी दिसणारी. भोवतालची फोल्डर-फाइलची सवय मोडणारा हा डेस्कटॉप लहान मुलांना चटकन कळतो आणि मोठ्यांना चटकन खटकतो. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात डॉ. नागार्जुन यांच्या नोलेज लॅबने खैरातकडे अभ्यासक म्हणून पाहिले. प्रयोग देशभर पसरला नाही. खैरातचे नाव परदेशी वृत्तपत्रांत आले आणि मग मागे पडले.

शुगर बांधणाऱ्यांसाठी ‘शुगर-जेएचबिल्ड’ नावाचे साधन होते, ते या लेखाच्या विषयाला थेट भिडते. सगळे मॉड्यूल योग्य क्रमाने आणून बांधणे हे त्याचे काम. पण त्यात बांधणीच्या आधी चालवायची एक आज्ञा होती, ‘डेप्सचेक’. तुमचे लिनक्स फेडोरा आहे की उबुंटू, ते पाहून ती सरळ सांगे की ही ही पॅकेजे तुमच्याकडे नाहीत. ‘कॉन्फिगर’ एका वेळी एकच उणीव दाखवून थांबतो. इथे सगळ्या उणिवा एकदम समोर. जी यादी हॉस्टेलची मुले वहीत करत होती ती यंत्राने करून दिली. शुगर पुढे मे २००८ मध्ये वॉल्टर बेंडर यांच्या शुगर लॅब्जकडे स्वतंत्रपणे गेले.

खैरातनंतर पाच वर्षांनी पवईत आणखी एक प्रयत्न झाला. स्वस्त ‘आकाश’ टॅबलेटचे काम आयआयटी मुंबईकडे आले, प्रा. दीपक फाटक आणि प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या गटांनी ते हाती घेतले. ११ नोव्हेंबर २०१२ ला आकाश-२ चे अनावरण राष्ट्रपती प्रणब मुखर्जी यांच्या हस्ते झाले. सात इंची पडदा, एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, आत अँड्रॉइड. आयआयटीच्या मंडळींनी एसडी कार्डावरून त्याच टॅबलेटवर पूर्ण लिनक्स सुरू करून दाखवले, आणि डेस्कटॉप निवडला तो एलएक्सडीई. इथली तयारी वेगळ्या जातीची. टॅबलेटवर कर्नल बांधत बसायचे तर वर्ष जाईल, म्हणून मोठ्या इंटेल मशीनवर टॅबलेटच्या एआरएम प्रोसेसरसाठीचा कंपायलर बसवायचा, तिथे बांधायचे आणि तयार माल कार्डावर उतरवायचा. आकाश टॅबलेट स्वतः फार काळ टिकला नाही. ही पद्धत मात्र त्या गटाने लिहून, सोर्ससकट सर्वांसाठी खुली ठेवली.

त्याच संस्थेचा स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्प यवतमाळसारख्या जिल्ह्यांच्या जास्त उपयोगी पडणारा. टर्मिनल, फाइल परवानग्या, सिनॅप्टिकमधून पॅकेज बसवणे असे विषय छोट्या चित्रफितींत, मराठी आवाजातही. पाहणाऱ्याने पडद्याच्या अर्ध्या भागात चित्रफीत ठेवायची, उरलेल्या अर्ध्यात स्वतः करून पाहायचे. इंटरनेट लागत नाही, सीडीवरून चालते. शिकवणारा तज्ज्ञ गावात नाही हे गृहीत धरूनच ती मांडणी केलेली. शासकीय संगणक साक्षरतेचा राज्यातला मोठा प्रवाह, एमएस-सीआयटी, मात्र विंडोजच्या अंगानेच वाहिला. केरळने शाळांतून लिनक्स नेले तसे इथे झाले नाही. याची खंत करणारे बरेच आहेत आणि ती रास्त आहे.

८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा आधार काढला आणि कपाटात गेलेली मशीन जिवंत करायला हलके डेस्कटॉप पुन्हा आठवले. तोवर पॅकेज सहज मिळत होती, बांधायची गरज कमी झाली होती. आता ती परत येते आहे, वेगळ्या कारणाने. ल्युबुंटूने २०१९ पासून ३२-बिट मशीनसाठी नव्या आवृत्त्या काढणे थांबवले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट इंटेल मशीनसाठी इन्स्टॉलरच नाही. जुन्या पेंटियम फोरवाल्याला डेबियन १२ वरच थांबावे लागते, त्याचा दीर्घ आधार जून २०२८ पर्यंत. डिसेंबर २०२४ चे एक्सएफसीई ४.२० त्यावर हवे असेल तर डेव्ह पॅकेजे गोळा करून, वेगळ्या प्रीफिक्सखाली, ठरलेल्या क्रमाने जावे लागते: आधी लिबएक्सएफसीई४युटिल, मग एक्सएफकॉन्फ, मग लिबएक्सएफसीई४यूआय, आणि पॅनेलची पाळी त्यानंतर.